अक्षता सामलची दुसरी फेरी

अक्षता सामल पहिल्यांदा माझ्यासमोर येऊन बसली तेव्हा मी तिला नाकारायच्या बेतात होतो. पुण्याच्या एका संस्थेनं सोलापुरात पाहणी काढली होती. जिथं वीज वाहते तिथं भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. मोटरीला चिकटून ते पुष्कळ असतं आणि हातभर लांब गेलं की झपाट्यानं कमी होतं. मेंदूत गाठ झालेल्या बायका घरी किंवा कामाच्या जागी अशा क्षेत्रात जास्त बसल्या होत्या का, हे त्याच वयाच्या धडधाकट बायकांशी ताडून बघायचं होतं. मी सदतीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून नुकताच निवृत्त झालो होतो आणि घरात बायकोच्या पायात पायात येत होतो, म्हणून इथला कारभार माझ्या गळ्यात पडला. मोजयंत्र घेऊन घरोघरी हिंडायला माणूस हवं होतं.

"ही नोकरी कशाला हवी?" असं मी प्रत्येकाला विचारत होतो. आधीचे चौघे "अनुभव मिळेल सर" म्हणाले. ही म्हणाली, "माझी आई याच आजारानं गेली. मोटरीमुळं गेली. मला ते सिद्ध करायचंय."

ज्याला उत्तर आधीच ठाऊक आहे अशा माणसाला पाहणीत घेऊ नये, हे मी पोरांना जन्मभर घोकायला लावलं. आणि मी तिलाच घेतलं. त्या चौघांनी सोलापूरच्या उन्हात चालायचं म्हटल्यावर नाकं मुरडली होती, आणि पुन्हा जाहिरात द्यायचा मला कंटाळा आला होता. यात काही उदात्त नव्हतं.

तिची हकीकत मला हळूहळू कळली. शहराच्या पूर्वभागात, विणकरांच्या वस्तीत, दोन खोल्यांचं घर. वडील राजेशम दुसऱ्याच्या कारखान्यात टॉवेलच्या यंत्रमागावर कामाला. आई कमलम्मा घरी कांड्या भरायची. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसते ती सुताची नळी. ती भरायचं छोटं मशीन असतं आणि ते मोटरीवर चालतं. त्याच खोलीत स्वयंपाक, त्याच खोलीत मोरी, आणि फरशी रोज पाण्यानं धुवायची पद्धत. मोटरीला पाणी लागून बायकोला शॉक बसू नये म्हणून राजेशमनं भिंतीला फळी ठोकली आणि मोटर तिच्यावर चढवली. पाटावर बसलेल्या कमलम्माच्या डाव्या कानापाशी ती मोटर सोळा वर्षं गरगरत होती. सेहेचाळिसाव्या वर्षी डोकं दुखायला लागलं, मग झटके आले, मग गाठ निघाली. अकरा महिन्यांत बाई गेली.

अक्षता तेव्हा चोवीस वर्षांची होती, भौतिकशास्त्र घेऊन बीएस्सी झालेली. कुठंतरी काहीतरी वाचून तिनं दोन आणि दोन चार केले. दहाव्याच्या दिवशी, सगळे नातेवाईक बसलेले असताना, ती वडिलांना म्हणाली, "तू मारलंस अम्माला. फळी तू ठोकलीस." ती बॅग उचलून नीलम नगरला मावशीकडं गेली, त्याला ती माझ्याकडं कामाला आली तेव्हा चार वर्षं झाली होती. तेवढ्या काळात बापलेकीत एका शब्दाचं बोलणं नव्हतं. रस्त्यात तो समोरून येताना दिसला तर ती पलीकडच्या बाजूला जायची. तिला कागदावर पुरावा हवा होता, आणि तो त्याच्या हातात द्यायचा होता.

कामाला मात्र पोरगी वाघ निघाली. अठ्ठावन्न आजारी बायका, त्यातल्या काही गेलेल्या, आणि एका आजारी बाईमागं दोन धडधाकट, म्हणजे एकशे सोळा. सगळी मिळून एकशे चौऱ्याहत्तर घरं. आदल्या दिवशी फोन करून दुपारी तीनची वेळ घ्यायची, झोपायची जागा, स्वयंपाकाची जागा, मीटरची भिंत असं सगळं मोजायचं, आणि माझ्यासारख्यानं तयार केलेला नऊ पानी फॉर्म भरायचा. धडधाकट बायकांच्या घरी तिला हमखास ऐकून घ्यावं लागायचं, "आमच्यात कोण आजारी न्हाय, आमाला कशाला मोजता?" ती शांतपणे सांगायची की तुम्ही बऱ्या आहात म्हणूनच आले. यावर बायका हसायच्या आणि चहा टाकायच्या.

दीड वर्षानं मी आकडे जुळवले. मोटरीजवळ पाच वर्षांहून जास्त बसलेल्या बायका आजाऱ्यांत शंभराला एक्केचाळीस निघाल्या आणि धडधाकटांत शंभराला पंधरा. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. पुण्याचे साहेब फोनवर इतके खूश झाले की मला पहिल्यांदा नावानं हाक मारली. हैदराबादला परिषद होती, तिथं हा निकाल वाचायचं ठरलं. अक्षतानं निकालाच्या पानाची एक प्रत मागून घेतली, माझ्यासमोर पाकिटात घातली आणि वर वडिलांचा पत्ता लिहिला. मी बघितलं आणि तिला अडवलं नाही. त्या वेळी मला तिचं कौतुकच वाटत होतं, हे कबूल करतो.

टपालात टाकायच्या आधी एक बारीकसं काम राहिलं होतं. अशोक चौकाजवळच्या दानेश्वरी नावाच्या बाईच्या संमतीपत्रावर तारीख घालायची राहिली होती. बाई धडधाकट गटातली, फॉर्मवर व्यवसाय 'गृहिणी', कामाच्या जागी मोटर 'नाही'. तारखेसाठी कशाला फोन करायचा म्हणून अक्षता शनिवारी सकाळी दहाला न सांगताच गेली. दार उघडंच होतं. आत कांडी मशीन धडधडत होतं आणि दानेश्वरी पाटावर बसून भरलेल्या कांड्या टोपलीत टाकत होती.

"तुम्ही तर काम करत नाही म्हणाला होतात," अक्षता म्हणाली.

"करत न्हायच की. घरीच असते मी."

"मग हे?"

"हे काय काम हाय व्हय? कांड्या भरायल्याव. लग्न झाल्यापासून भरतेय."

"मागच्या वेळी मशीन कुठं होतं?"

"हितंच की. तुमी येणार म्हणून बंद करून साडी टाकली होती वर. पावणं आल्यावर खडखड बरी दिसतंय का?"

अक्षतानं तारीख घेतली, मोजयंत्र काढलं, बाईच्या कानापाशी धरून आकडा बघितला, आणि तशीच माझ्याकडं आली. येऊन पाणी प्यायली आणि म्हणाली, "सर, सगळं चुकलंय."

मला समजायला वेळ लागला, पण तिनं एकेक करून सांगितलं. आजारी बाईच्या घरी लोक वर्षभर याच विचारात असतात की हे आपल्याला का झालं. ते स्वतः होऊन मशीन दाखवतात, चालू करून दाखवतात, किती वर्षं बसली ते मोजून सांगतात. धडधाकट बाईच्या घरी पाहुणी येणार म्हणून मशीन बंद होतं, त्याच्यावर साडी पडते, आणि घरातल्या घरात बसून केलेलं काम कुणी काम म्हणून सांगतच नाही. आम्ही दोन गटांतल्या बायका मोजल्याच नव्हत्या. मोजलं होतं ते कुणाला आपलं मशीन आठवलं आणि कुणाला नाही, एवढंच.

"तू याच गल्ल्यांत वाढलीस. तुझ्या लक्षात कसं आलं नाही?" मी चिडून विचारलं. स्वतःवर चिडलं की मी समोरच्यावर ओरडतो, बायकोला विचारा.

"माझ्या दहावीच्या फॉर्मवर मी स्वतः लिहिलंय सर. आईचा व्यवसाय, गृहिणी. अम्मा शेजारी मशीनवर बसली होती, तिलाच विचारून लिहिलं."

मी तिला पुष्कळ समजावलं. हैदराबाद तोंडावर आलंय, साहेब खूश आहेत, प्रत्येक पाहणीत थोडी गडबड असतेच, तळटीप टाकू. शेवटी वैतागून म्हणालो, "अगं, तुझाच पुरावा तू मोडायला निघालीस. डोकं ठिकाणावर आहे का?"

"पुरावा असेल तर मोडणार नाही की सर."

पुण्याला फोन मीच केला आणि साहेबांची बोलणीही मीच खाल्ली. नावानं हाक मारणं तिथंच संपलं.

दुसऱ्या फेरीची पद्धत तिनं ठरवली. वेळ घेऊन जायचं नाही. सकाळी अकराच्या आत जायचं, म्हणजे घर चालू असतं. काही बंद करू द्यायचं नाही. 'काम काय करता' हा प्रश्नच विचारायचा नाही. त्याऐवजी, सकाळी उठल्यापासून काय काय केलंत, कुठं बसलात, शेजारी काय चालू होतं, आणि असं किती वर्षं चाललंय, हे विचारायचं. आजारी आणि धडधाकट, दोघींना तेच, शब्दाला शब्द. मार्च संपत आला होता. पुढं सोलापूरचा एप्रिल आणि मे.

तिनं ते दोन्ही महिने आणि जूनही चालून काढला. डोक्याला ओला पंचा, खांद्याला मोजयंत्राची पिशवी. अर्ध्या घरांत "परत आली का ही?" म्हणून स्वागत झालं. एका म्हातारीनं तिला पोलिओवाली समजून नातवंडं पुढं केली. एक कुटुंब घर सोडून दुधनीला गेलं होतं, तर ही सकाळच्या गाडीनं दुधनीला जाऊन तिथं माझ्याहून बऱ्या कानडीत फॉर्म भरून आली. नई जिंदगी नावाच्या वस्तीत माजिदा नावाच्या बाईनं तिला दारातच सांगितलं, "हमारे में औरतां काम पे नै जाते." आत शाळेच्या गणवेशाच्या शर्टांचा ढीग पडला होता आणि शिलाई मशीनची मोटर तापून वास मारत होती. "सुबू से कालरां लगाती बैठी मैं," माजिदा म्हणाली, "काम किधर का." नऊ वर्षं ती तशी बसत होती. पहिल्या फेरीत तिच्या नावापुढंही आम्ही 'गृहिणी' लिहून मोकळे झालो होतो.

दर शनिवारी मी नवा आकडा फळ्यावर लिहायचो. धडधाकट बायकांत मोटरीजवळ बसणाऱ्या पहिल्या फेरीत सतरा होत्या. त्या तेवीस झाल्या, मग एकतीस, मग चाळीस. अक्षता यायची, फळ्याकडं बघायची, माठातलं पाणी प्यायची आणि पुढच्या आठवड्याची यादी घेऊन जायची. ती काय बघत होती ते मला कळत होतं. तो आकडा एकेकानं वाढत होता आणि तिचा सहा वर्षांचा राग उभा राहायला जागा उरत नव्हती.

एकदाच तिचा बांध फुटला. "सर, आज एक बाई भेटली. अम्मापेक्षा चार वर्षं जास्त बसलीय, मोटर अशीच डोक्याशी. सत्तरीची आहे. ठणठणीत आहे. मला गरम भजी खायला घातली." मग ती म्हणाली, "मला तिचा राग आला सर. ती का जगली, असं वाटलं." आणि ती तोंडावर पंचा धरून रडली. मी खिडकीतून रिक्षा बघत बसलो. दुसरं काय करणार? रडणं संपल्यावर तिनं तोंड धुतलं आणि म्हणाली, "माझा फॉर्म नीट भरलाय, काळजी करू नका. राग त्यात नाही लिहिला."

जूनच्या शेवटी धडधाकट बायकांचा आकडा एकोणपन्नासवर थांबला. शंभराला बेचाळीस. आजाऱ्यांत शंभराला सत्तेचाळीस. एवढ्या थोड्या माणसांत एवढा फरक नुसत्या योगायोगानंही पडतो. मोटरीचा दोष अजिबात नाही असं यावरून छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. जगात इतर ठिकाणी झालेल्या अभ्यासांतही घरातल्या क्षेत्राचा संबंध दिसलेला नाही आणि कामाच्या जागेबद्दल कुठं थोडा दिसतो, कुठं दिसत नाही. पण दोष आहे, असं म्हणायला आमच्या हातात आता काही उरलं नव्हतं. तिनं ते पत्ता घातलेलं पाकीट केव्हाच फाडून टाकलं होतं.

एकच फॉर्म राहिला होता. कमलम्मा सामल. पहिल्या फेरीत तो अक्षतानं मावशीच्या घरी बसून स्वतःच भरून टाकला होता, आणि मी तो चालवून घेतला होता. आता नियम नियमासारखा पाळायचा तर उत्तरं सोबत राहणाऱ्या माणसानं द्यायला हवी होती, आणि प्रश्न नात्यातल्या माणसानं विचारायचे नव्हते. एका फॉर्मनं निकाल इकडचा तिकडं होणार नाही, हे मी तिला सांगितलं.

"एकशे चौऱ्याहत्तर म्हटलंय सर, तर एकशे चौऱ्याहत्तर," ती म्हणाली. "तुम्ही विचारा. मी मोजते."

आम्ही रविवारी सकाळी गेलो. राजेशम साठीचा, काटक, मागावर उभं राहून पाय सुजलेला माणूस. दारात लेकीला बघून त्यानं आधी माझ्याकडं बघितलं, जणू ती माझ्या परवानगीनं आली होती. "बसा की सर," म्हणाला. तिला काय म्हणावं ते त्याला कळलं नसावं. तिनं पिशवीतून यंत्र काढलं आणि खोलीच्या कोपऱ्यातून मोजायला सुरुवात केली.

मी विचारत गेलो. तो सांगत गेला. कमलम्मा चारला उठायची, पाणी भरायची, पाचला मशीनवर बसायची. मधे स्वयंपाक, मधे पोरीची वेणी, पुन्हा मशीन. त्याला सगळं पाठ होतं.

"सोळा वर्षं?" मी जुन्या फॉर्मवरून विचारलं.

"सोळा न्हाय सर, एकोणीस. आदीच्या घरातपण बसायची. तितंपण फळी मीच मारल्याली. हिला आठवत नसंल, लई ल्हान होती."

यंत्र हातात धरून अक्षता जागच्या जागी थांबली. तीन वर्षं त्यानं आपल्या नावावर आपण होऊन वाढवून घेतली होती. तो गप्प राहिला असता तर कुणालाही कळलं नसतं.

फॉर्मचा शेवटचा प्रश्न फक्त आजाऱ्यांच्या घरी विचारायचा असतो. मी वाचला, "आजाराचं कारण तुमच्या मते काय?"

"मी," राजेशम म्हणाला. "फळी मी मारली. तसंच लिहा."

उत्तर जसं दिलं तसं लिहायचं असतं. मी लिहिलं. मग म्हणालो, "फॉर्म संपला, अक्षता."

ती यंत्र खाली ठेवून वडिलांसमोर फरशीवर बसली. पहिले दोन शब्द तेलुगूत बोलली, मग थांबली. "नायना, मराठीत सांगते. त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलले होते, आता एका माणसासमोर तरी बोलू दे." "एकशे सोळा धडधाकट बायका बघितल्या. त्यातल्या एकोणपन्नास अम्मासारख्याच मोटरीजवळ बसल्यात, वर्षानुवर्षं. त्यांना काही झालं नाही. अम्माला का झालं, ते मला माहीत नाही. कुणालाच अजून माहीत नाही. मला माहीत नसताना मी तुला बोलले. मी चुकले."

"मी तर तेच खरं धरलं होतं की," राजेशम म्हणाला. "घरात शिकलेली तू एकटीच."

मला तिथून उठून जावंसं वाटलं. सदतीस वर्षं मी पोरांना चूक कशी मोजायची ते शिकवलं. या माणसानं एका वाक्यावर विश्वास ठेवून सहा वर्षं काढली होती, ती कुठल्या सूत्रात बसवायची ते मला येत नव्हतं.

तोच माझ्याकडं वळला. "सर, ते शेवटचं लिवलेलं बदलाय येतंय का?"

"बदलता येतं. उत्तर तुमचं आहे."

"मग खोडा ते. माहीत न्हाय, असं लिहा."

मी खोडलं, शेजारी 'माहीत नाही' लिहिलं आणि नियमाप्रमाणे त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, पुन्हा वाचा. दुसऱ्यांदा वाचताना तो रडायला लागला, आणि अक्षता उठून त्याच्या शेजारी जाऊन बसली.